मेलेली फळी

कॉलेजच्या बास्केटबॉल हॉलमध्ये, डावीकडच्या रिंगच्या जरा अलीकडे, जमिनीतली एक फळी मेलेली होती. मेलेली म्हणजे तुटलेली नव्हे. दिसायला बाकीच्यांसारखीच गुळगुळीत, पण चेंडू तिच्यावर आपटला की उसळायचाच नाही. उशीवर डोकं टेकावं तसा निवांत पडायचा. ऑफिसात सांगितलं की "पुढच्या वर्षी बघू" असं उत्तर यायचं, आणि ते पुढचं वर्ष काही उजाडत नव्हतं. शेवटी सरांनी अडचणीचंच हत्यार केलं. पाहुण्या संघाच्या मुलीला हळूहळू फळीकडे हाकायचं, तिचा चेंडू बसला की उचलून पळायचं, आणि आपण मात्र फळीला वळसा घालून जायचं. हा वळसा मुलींच्या अंगात इतका भिनला होता की त्यांना झोपेत चालवलं असतं तरी त्या तिथे वळल्या असत्या.

एवढं करून संघ हरायचाच. घरच्या हॉलमध्ये निदान अब्रू राहायची, बाहेर गेला की पार धुऊन निघायचा. तेव्हा कॉलेजने ठरवलं, प्रशिक्षकाची जागा नव्याने भरायची. सरांनाही इतरांसारखाच अर्ज करायला लावला.

खरी गोम पुढेच होती. निवड समितीत तिघं: प्राचार्य, क्रीडा विभाग सांभाळणाऱ्या गणिताच्या मॅडम, आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे संघाची कर्णधार. कर्णधाराला सगळे शिडी म्हणत. का, ते ती दारातून वाकून आत आली की कळायचं. आणि शिडी ही सरांची मुलगी. हॉलमध्ये ती त्यांना सर म्हणायची, घरात बाबा, आणि मधल्या बसच्या प्रवासात काहीच म्हणायची नाही.

"नको वाटत असेल तर तुझ्या जागी उपकर्णधाराला बसवू," प्राचार्यांनी सुचवलं होतं.

उपकर्णधार म्हणजे भिंगरी. पाय चपळ, जीभ त्याहून चपळ. तिने ऐकताक्षणी कानाला हात लावला.

"तूच बस बाई. सरांच्या विरुद्ध बोलायची वेळ आली तर आमची आई मला घरात घेणार नाही. चार चकरा मारून तिला पटवलं होतं सरांनी. तिसऱ्या चकरेला तर तिने दारही उघडलं नव्हतं, सर पायरीवर बसून राहिले."

ते खरंच होतं. संघातली एकूण एक मुलगी सरांनीच हुडकलेली. कुठल्या शाळेच्या मागच्या अंगणात कोण वाऱ्यासारखी पळते, याचा त्यांना वासच यायचा.

घरी आई एवढंच म्हणाली, "आपलेच दात अन् आपलेच ओठ. जपून." बाबा बुटांना पॉलिश करत होते. एरवी दोनदा ब्रश फिरवून उठणारा माणूस, त्या दिवशी बुटात तोंड दिसेपर्यंत उठला नाही. ही नोकरी गेली तर या वयात दुसरीकडे कोण घेणार, हे घरात कोणी बोललं नाही, पण ते जेवणाच्या टेबलावर चौथ्या माणसासारखं बसून होतं. घरात माणसं तीनच होती. तरी चौथी खुर्ची भरल्यासारखी वाटत होती, इतकी त्याला जागा लागत होती.

निवडीची पद्धत सोपी होती. प्रत्येक उमेदवाराने तासभर संघाचा सराव घ्यायचा, समितीने बाकावरून बघायचं. शिडी खेळणारही होती आणि बघणारही.

पहिला आला तो पांढऱ्या बोर्डवर बाण काढत राहिला. लाल बाण, निळे बाण, तुटक बाण. तास संपला तेव्हा चेंडू ठेवायच्या जाळीतून एकही बाहेर आला नव्हता. गणिताच्या मॅडम मात्र खूश दिसल्या. "अरे, याने लग्नाच्या वरातीचा नकाशा काढलाय की काय," भिंगरी कुजबुजली.

दुसऱ्या आलेल्या बाईंच्या गुडघ्याला पट्टा होता आणि गळ्यात शिटी नव्हती. "ज्या हाताने लिहिता तो पाठीमागे," त्या म्हणाल्या. "खेळा." मग जे झालं त्याला सराव म्हणणं कठीण होतं. चेंडू बाकांखाली गेले, दोघी एकमेकींवर आदळल्या, एक पास थेट प्राचार्यांच्या चहात. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. डाव्या रिंगकडे बघत राहिल्या. मग चालत आल्या आणि फळीवर चेंडू आपटला. थप्प.

"म्हणून वळता होय," त्या शिडीला म्हणाल्या. "दुसऱ्यांच्या हॉलमध्येही इथेच वळता?"

शिडीने बुटाची नाडी बांधायला घेतली. नाडी सुटलेली नव्हती.

तिसरे सर. त्यांच्या तासात एक पास चुकला नाही. पाठ कविता म्हणावी तशा मुली खेळल्या. भिंगरी चेंडू घेऊन डावीकडून सुटली, नेमक्या जागी नदीसारखी वळली आणि बास्केट केला. गणिताच्या मॅडमनी टाळ्या वाजवल्या. सरांनी बाकाकडे पाहिलं नाही, पण पाठ ताठ झाली. शिडी मुलगीच त्यांची, तिला पाठीवरूनही कळलं.

प्राचार्यांच्या खोलीत प्रश्न उरलाच नव्हता जणू.

"सरांना उगाच अर्ज करायला लावला," प्राचार्य म्हणाले. "त्या बाईंच्या तासात तर सगळा गोंधळ."

"आणि तो वळसा काय सुंदर," मॅडम म्हणाल्या. "बघत राहावं."

शिडीने फक्त मान हलवायची होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिला बाहेरचे सामने आठवत होते. परक्या, सपाट, धडधाकट जमिनी. आणि त्यांवर डाव्या रिंगच्या अलीकडे एकामागून एक, काहीही नसलेल्या जागेला वळसा घालणाऱ्या पोरी. सरळ गेल्या असत्या तर रिंग दोन ढांगांवर होती. समोरच्या संघांनी ते कधीच ओळखलं होतं. वळणावर एक मुलगी उभी केली की काम फत्ते.

"तिथली फळी मेलेली आहे," ती म्हणाली. "म्हणून आम्ही वळतो."

"मग बरोबरच आहे की," प्राचार्य म्हणाले.

"आम्ही सगळीकडे वळतो, सर. फळी नसली तरी."

ती बोलत गेली. सरावात चूक झाली नाही कारण नवं काही केलंच नव्हतं, हेही बोलली. बाईंच्या तासात आपल्याला डावा हातच नाही हे पहिल्यांदा कळलं, हेही. वडिलांबद्दल तिने एक शब्द काढला नाही. बोलली ती फळीबद्दलच. तरी खोलीतल्या तिघांनाही कळत होतं की कोणाची खुर्ची काढली जातेय.

बसमध्ये बाबा खिडकीबाहेर बघत होते. उतरताना म्हणाले, "बाईंना घेतलं?"

"हो."

"तूही?"

"मीच."

त्यांनी मान हलवली आणि पुढे चालू लागले. पुढचे कित्येक दिवस घरात मीठ मागायलाही आई मधे लागायची.

बाईंनी पहिलं काम केलं ते सुताराला बोलावण्याचं. जुन्या पिवळ्या जमिनीत पांढरट नवी फळी उठून दिसू लागली. मुली तिच्यावर चेंडू आपटून बघायच्या, तो उसळला की दचकायच्या. पुढचा सामनाही त्या हरल्या, पण सरळ जाऊन हरल्या.

एका दुपारी सराव चालू असताना बाबा हॉलच्या दारात उभे. बरोबर शाळेच्या कपड्यांतली, वेणी अर्धी सुटलेली, काटकुळी मुलगी.

"हिच्या आईला शब्द दिला होता मी," ते बाईंना म्हणाले. "उंच नाही. पण पळते."

"आणा इकडे," बाई म्हणाल्या.

दोघं कोर्ट ओलांडून येऊ लागले. मुलगी नाकासमोर चालत नव्या फळीवरून सरळ आली. बाबा डाव्या रिंगपाशी पोचले, आणि नेमक्या त्या जागी वळसा घालून गेले.

कोणी हसलं नाही. भिंगरीही नाही.

बाबा थांबले. मागे वळून त्या पांढऱ्या फळीकडे त्यांनी जरा वेळ पाहिलं. मग परत गेले, तिच्यावर पाय ठेवून उभे राहिले आणि शिडीपुढे हात केला.

"चेंडू दे गं."

तिने दिला. त्यांनी तो एकदाच आपटला. चेंडू छातीपर्यंत वर आला.