गेंडाजीच्या फेट्यावरचा चहा

‘गंमतगोळा’ या मुलांच्या मासिकाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा वडिलांनंतर संपादक झालेल्या गार्गीने ठरवलं की मासिकातली सगळी जुनी पात्रं एकाच चित्रकथेत आणायची. मिशाळ गेंडाजी पैलवान, उंदीरवकील, चकणा जादूगार, भुतांची जुळी भावंडं. इतकी वर्षं एकाच अंकात शेजारी राहूनही ही मंडळी एकमेकांना कधी भेटली नव्हती. त्यांच्यात पंचफुलाची झिपरीही होती.

झिपरी म्हणजे विस्कटलेल्या केसांची, कोणालाही ‘काहून?’ विचारणारी पोरगी. पंचफुला आपल्या इंदोरा वस्तीतल्या शाळेत चित्रकला शिकवायची, तेव्हा समोर बसणाऱ्या मुलींमधूनच तिला ती सापडली होती. पुढे गेंडाजीचं चित्र काढणाऱ्या आणि मासिकातल्या कथांचंही काम बघणाऱ्या मुकुंदरावांनी त्या ‘काहून’चं ‘का बरं’ केलं. मुलांची भाषा बिघडते म्हणाले. पंचफुलाने त्याच दिवशी मासिकाच्या कार्यालयात पाय ठेवणं सोडलं. मुकुंदरावांशी ती त्यानंतर एक शब्द बोलली नव्हती.

गार्गी घरी येऊन हातापाया पडली, म्हणून ती या अंकाला कबूल झाली. आणि कथा लिहिली होती मुकुंदरावांनीच.

चोर फुटाळा तलाव पळवून नेतात आणि सगळी पात्रं मिळून तो परत आणतात, अशी ती कथा. पंचफुलाने पानं उलटून पाहिली. गेंडाजी चोरांना लोळवत होता, उंदीरवकील कोर्ट गाजवत होता, भुतंसुद्धा कामाला लागली होती. झिपरी मात्र कुठेच नव्हती. शेवटी तलावाकाठच्या सत्कारात ती उगवायची, हातात चहाचा ट्रे घेऊन. तिच्या तोंडी एकच वाक्य होतं: ‘घ्या ना, गरम आहे.’

त्या शेवटच्या चित्राचा मोठा कागद मुकुंदरावांकडून आला. गेंडाजी मधोमध फेटा बांधून बसलेला, बाकीची पात्रं इतर चित्रकारांनी भोवती रंगवलेली. उजव्या कोपऱ्यात हातभर जागा पांढरी ठेवून तिथे पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘झिपरी, ट्रेसह.’

पंचफुलाने खिडकीतला कूलर बंद केला, कागद फडफडायला नको म्हणून. घामाने निथळत ती सबंध दुपार बसली. झिपरी तिने कोपऱ्यात काढलीच नाही. तिने ती गेंडाजीच्या खांद्यावर चढवली, दोन्ही पाय त्याच्या छातीवर सोडले आणि ट्रे त्याच्या फेट्यावर पालथा घातला. चहा मिशांवरून ओघळत खाली उंदीरवकिलाच्या कोटापर्यंत गेला. सगळं पक्क्या शाईत. मग तिने कागद गुंडाळून गार्गीकडे पाठवून दिला.

दुसऱ्याच दिवशी गार्गीची गाडी दारात थांबली. मागच्या सीटवरून मुकुंदराव उतरले. ते पार वाळले होते. आत आल्याबरोबर त्यांनी कागद टेबलावर पसरला.

“हे काय केलंत तुम्ही?”

“दिसून नाही राह्यलं का? चहा सांडला.”

“माझ्या चित्रावर!”

“अन् माह्या पोरीले तुमी चहा वाटाले उभी केली, ते काहून? चोरायले पकडाले भुतं चालतात तुमाले, झिपरी नाही चालत?”

“कथेची गरज असते. तुम्हाला ती कधी कळलीच नाही.”

गार्गी दोघांच्या मध्ये उभी राहिली. “सर, तुम्ही गेंडाजी परत काढा. पंचफुलाताई, तुम्ही झिपरी वेगळी काढा. वेळ आहे अजून.”

मुकुंदराव खुर्चीवर बसले. पंचफुलाने रीत म्हणून पाणी ठेवलं होतं, तो पेला त्यांनी दोन्ही हातांनी उचलला, तरी पाणी हिंदकळून सदऱ्यावर सांडलं.

“नाही निघायचा परत,” ते म्हणाले. “एवढ्यालाच सारा उन्हाळा गेला. हातात रेघ राहिली नाही आता.”

पंचफुलाने कागदाकडे नीट पाहिलं. गेंडाजीच्या दंडाची रेघ जागोजागी तुटून पुन्हा जोडलेली होती. काल रागाच्या भरात तिला तो निष्काळजीपणा वाटला होता. चित्र काढणाऱ्याच्या हातातून रेघ जाणं काय असतं, हे तिला कोणी समजावून सांगायला नको होतं. ती उठली आणि कपाटातून पांढऱ्या रंगाची बाटली काढू लागली. चहा तरी पुसता आला असता. मिशा मोकळ्या झाल्या असत्या.

तिची पाठ वळलेली होती, तेव्हा मुकुंदराव बोलले.

“राहू दे गार्गी. चूक तुझ्या वडिलांची. यांना आत घेतलं तेव्हाच मी सांगितलं होतं, या लोकांना पंगतीत बसवलं की ताटं उधळणारच.”

गार्गी पांढरीफटक पडली. पंचफुलाने बाटली जागेवर ठेवली, कपाट लावलं आणि वळली.

“मुकुंदराव, पंगत तुमच्या बापाची नव्हती. मी माह्या हातानं कमावून बसली होती तिथं. तुमच्या हाताचं आयकून मले वाईट वाटून राह्यलं होतं. आता नाही वाटत. उठा, निघा माह्या घरातून.”

ते उठले. कागदाला हात घालणार, तोच गार्गीने तो ओढून घेतला.

“हे पान असंच छापते मी.”

“मग माझं नाव काढ त्यावरून.”

“काढते, सर.”

अंक निघाला. प्रकाशन सीताबर्डीच्या एका सभागृहात झालं. मुकुंदराव आले नाहीत. पोरं शेवटचं पान उघडून एकमेकांना दाखवत खिदळत होती. पंचफुलासमोर रांग लागली, आणि ती प्रत्येकाच्या अंकावर झिपरी काढून देत होती.

एका मुलीने अंक पुढे केला. “मले गेंडाजी काढून द्या.”

पंचफुलाचा पेन थांबला. त्या मिशा, तो फेटा, सगळं तिला डोळे मिटून काढता आलं असतं. मुकुंदरावांना आता येणार नाही, इतकं सुरेख.

“तो मी नाही काढत वं,” ती म्हणाली. “झिपरी घे.”

“झिपरी नाही पाहिजे,” मुलगी म्हणाली आणि अंक घेऊन निघून गेली.

परतताना गार्गीने गाडीत सांगितलं की मुकुंदराव सकाळी कार्यालयात येऊन आपली सगळी जुनी चित्रं ऑटोत घालून घेऊन गेले.

“बरं केलं,” पंचफुला म्हणाली आणि इंदोरा येईपर्यंत मांडीवरच्या अंकाचं शेवटचं पान उघडून बघत राहिली.