बाटलीत ओतलेला पेला

शुंकाचा नवरा शालिक जाऊन दुसरा दिवस उजाडला, तरी कबरीचा खड्डा खणायला कोणी आलं नव्हतं. फळ्यांची पेटी शुंकाने स्वतःच ठोकली होती. पेटी भिंतीशी ठेवून ती समोर बसून होती.

चार महिन्यांपूर्वी गावाने त्यांच्या घराचा नळ तोडला, तेव्हा शालिक म्हणाला होता, "ओढ्याला पाणी आहे की." पण कबरस्तान गावात एकच होतं, आणि तिथे त्यांची मुलगी मारूच पुरलेली होती. गोवराने गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. जाताना शालिकने दुसरं काही मागितलं नाही. मला पोरीशेजारी ठेव, एवढंच म्हणाला.

काल मुखिया ओनोफ्रे दारात उभा राहून सांगून गेला. "खणणाऱ्यांबरोबर पोशचा पेला घ्यायचा. सगळ्यांदेखत. मग कबरही मिळेल, नळही जोडून देऊ. नाहीतर तुझ्या त्या पुस्तकाला सांग खणायला." त्याच्यामागची माणसं हसली होती.

पोश ही उसाची दारू. तिच्याशिवाय त्या डोंगरात ना बारसं होई, ना मयत. याच दारूच्या भरात शालिकने एकदा शुंकाचे दोन दात पाडले होते. पुढे तो शुभवर्तमान ऐकू लागला, पिणं सुटलं, हात उगारणंही थांबलं. नदीत उभं राहून दोघांनी शपथ घेतली होती, की संताच्या नावाने फिरणारा पेला आता हातात धरायचा नाही. त्यावरूनच गावाने नळ तोडला होता.

दुपारी पेतूल आला. शालिकचा थोरला भाऊ; स्वतः पक्का रीतीतला. त्याने झोळीतून रिकामी बाटली आणि पत्र्याचं नरसाळं काढलं.

"हे घे. पेला हातात घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि ओतायचा यात. म्हाताऱ्या बायका असंच करतात, कोणी काही म्हणत नाही."

"भावजी, ती लबाडी होईल."

"लबाडी कसली? थेंब तरी पोटात जाणार आहे का तुझ्या? तुझा देव पोटात बघतो की बाटलीत?"

"मला नाही माहीत."

"मला माहीत आहे. माझा भाऊ उद्या वास मारायला लागेल. ऊठ, पोरी."

ती उठली.

कबरस्तानात पेला तिच्यापर्यंत आला तेव्हा सगळे खणायचे थांबले. तिने तो घेतला, कपाळाला लावला, नरसाळ्यातून ओतला. ओनोफ्रेने मान डोलावली. "आली घरी," तो मोठ्याने म्हणाला. कुणा बाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. चार महिन्यांत गावातलं कोणी तिला शिवलं नव्हतं. तिला रडू फुटलं, आणि ते नक्की कशाचं, हे तिचं तिलाच कळलं नाही. शालिक पोरीच्या शेजारी गेला.

संध्याकाळी नळाला पाणी आलं.

सकाळी मिकेल आला. गावात प्रार्थनेला बसणारी आणखी तीन घरं होती, त्यांतलं एक त्याचं. तो आत येईना.

"प्यायलीस?"

"नाही. बाटलीत ओतली. बघ, ही आहे."

"ओनोफ्रे पहाटेच आपल्या घरोघर रीतीत परतल्याचा कागद घेऊन फिरला. म्हणे शुंका परत आली, तुम्ही कशाला अडून बसलात? दोन घरांनी अंगठे दिले. माझी बायको म्हणाली, नवरा मातीत असताना ती पिऊ शकते, तर मी लेकरांना पाणी का नको पाजू?" त्याने मान खाली घातली. "मीही दिला अंगठा."

"पण मी प्यायले नाही!"

"लोकांनी बाटली नाही बघितली, शुंका. हात बघितला."

तो गेला. शुंका नळाशी जाऊन बसली. प्रार्थना करायला गेली तर शब्द येईनात. गप्प राहिलं तर शालिक तिथेच राहील, पोरीजवळ. बोललं तर काय होईल हे तिला नीट ठाऊक होतं. शालिकने काय सांगितलं असतं? ज्या पेल्यापायी तो नळ सोडून बसला, त्याच पेल्याने त्याला जागा मिळाली होती. ती सकाळभर तिथून हलली नाही.

मग ती चावडीवर गेली. पंच बाकावर बसले होते, पेतूलही होता.

"मी परत आलेले नाही," ती म्हणाली. आवाज इतका बारीक आला की तिला पुन्हा बोलावं लागलं. "मी पेला घेतला तो जागेसाठी. मी अजून येशूचीच आहे. माझ्यावरून दुसऱ्यांचे अंगठे घेऊ नका."



"मग जागा रिकामी कर," ओनोफ्रे म्हणाला. त्याला राग आला नव्हता. थकल्यासारखा दिसत होता. "आजच्या आज."

माती अजून मऊ होती. ती एकटीच खणत होती, फावडं शालिकचंच. अर्ध्यावर पेतूल आला आणि त्याने फावडं तिच्या हातातून हिसकावलं.

"तेवढं तोंड मिटून बसता आलं नाही तुला?"

"नाही भावजी."

"माझ्या हाताने पुरलं मी त्याला. आता माझ्याच हाताने..." तो खणत राहिला.

पेटी वर आली. "कुठे नेणार आहेस?"

"शहराबाहेर आमच्यासारख्या हाकललेल्यांची वस्ती आहे. तिथे विचारते."

"पाच तासांची वाट आहे. आणि ते नाही म्हणाले तर?"

शुंकाने पेटीला दोर बांधले, वरून एक दांडा ओवला. पेतूलने चावडीकडे पाहिलं. तिथून सगळं दिसत होतं, आणि तिथली माणसं बघत होती.

"मी रीत सोडणार नाही," तो म्हणाला. "आज रात्रीही पिणार. तुझं ते प्रवचन मला ऐकवायचं नाही."

"नाही ऐकवत."

"मग धर तिकडून."

दांड्याचं पुढचं टोक त्याने खांद्यावर घेतलं. मागचं तिने.