तोंडातल्या टाचण्या

शिवणकामात मास्तरांचा हात धरणारा कोणी नव्हता, पण एक खोड होतीच. बायकोने टाचण्यांसाठी छान उशी करून दिली होती, तरी मास्तर टाचण्या धरणार त्या ओठांतच. चाळीस वर्षं ती ओरडायची, "अहो, आधी टाचण्या काढा, मग बोला!" ती गेली आणि ओरडणारं कोणी उरलं नाही. बोलणारं तरी कुठे उरलं म्हणा! गिऱ्हाईक यायचं, माप द्यायचं, जायचं. बाकी दिवसभर मशीनचा काय तो आवाज. मास्तरांना फार एकटं वाटायचं.

एका दुपारी ते कोटाचं अस्तर टाचत होते. दाराबाहेरून हाक आली, "अहो!" अगदी तोच सूर, शेवटी जरासा ओढलेला. मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "ओ, आलो!"

बाहेर कोणी बाई पुढे गेलेल्या आपल्या नवऱ्याला बोलावत होती. मास्तर खजील होऊन बसले. तोंडात पाच टाचण्या होत्या, हातावर काढल्या तर चार. घशात जरा बोचलं होतं, मग काहीच नाही. जाईल आपोआप, म्हणून त्यांनी विषय सोडून दिला.

दीड महिन्याने थंडी वाजून ताप भरू लागला, पोटात वरच्या बाजूला ठणका लागला. दुसऱ्या शहरातून लेक धावत आली. सोनोग्राफीत यकृतात गळू निघालं. डॉक्टरांनी सुई घालून पू काढला, औषधं दिली. पंधरा दिवसांत गळू पुन्हा भरलं.

"मास्तर, नीट आठवा," डॉक्टर म्हणाले. "काही गिळलंत का? काटा, काडी, तार? हे आत फुटलं तर माझ्या हातात काही राहणार नाही."

"छे हो!" मास्तर म्हणाले.

आता बघा, जीव जायची वेळ आली आणि हा माणूस लपवतोय! पण टाचणीचं सांगितलं की लेक विचारणार, बोलत कोणाशी होतात? मग ती हाक निघणार. बाबांना भास होतात म्हणत ती दुकानाला कुलूप लावणार आणि त्यांना आपल्या घरी नेणार. आणि तशी हाक परत आलीच, तर ती या दुकानाच्या दारातच येणार ना?

डॉक्टर गेले. लेक उशाशी बसून त्यांच्या शर्टाचं तुटलेलं बटण शिवायला लागली. दोरा तोडला आणि सुई सहज ओठांत धरली.

"अगं, आधी सुई काढ तोंडातली!" मास्तर ओरडले.

लेकीने सुई काढली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. "बाबा," ती हळू म्हणाली, "टाचणी?"

मग त्यांनी सगळं सांगून टाकलं, हाकेसकट.

"'अहो' म्हणजे जगातले निम्मे नवरे, बाबा!" ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

"दुकान बंद करशील?"

"आधी बरे तर व्हा."

सीटी स्कॅनमध्ये टाचणी स्पष्ट दिसली. ऑपरेशन झालं, टाचणी निघाली. लेक महिनाभर राहिली आणि दुकानाची किल्ली त्यांच्या हातात देऊन आपल्या घरी गेली.

दुकान उघडल्यावर चौथ्या दिवशी दुपारी बाहेरून हाक आली, "अहो!"

आपल्याला नाही, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या, उशीत खोचल्या. मग दाराकडे बघून म्हणाले, "ओ."