आधी आईचं विचारा

मोठ्या सिस्टरांचा खाक्या सगळ्या गावाला ठाऊक होता. बाळंतपणाच्या खोलीबाहेर कुणी "मुलगा की मुलगी?" असं विचारलं, की त्या दारातूनच फटकारायच्या, "आधी आईचं विचारा!" भल्याभल्या बापांची तिथे बोबडी वळायची. त्यांचा स्वतःचा मुलगा हेच ऐकत त्या व्हरांड्यात वाढला.

आता फटकारायला बापच उरले नव्हते. तरणीताठी माणसं पोटामागे शहरात गेली. मागे राहिली त्यातली काही दारूनं नेली, काही छातीच्या रोगानं. शाळेला कुलूप लागलं. मग सरकारनं प्रसूतिगृहही बंद केलं आणि तिथे म्हाताऱ्यांच्या खाटा मांडल्या. मूल व्हायचं असेल तर महिनाभर आधी शहरातल्या दवाखान्याजवळ जाऊन राहा, असा हुकूम निघाला. सिस्टर अजूनही लंगोट बदलायच्या, पण ऐंशी ओलांडलेल्यांचे.

अशात त्यांच्या सुनेला दिवस गेले. मुलगा शहरात कारखान्यात होता, एका खोलीत चौघांबरोबर राहायचा. पोट उतरू लागलं तशी सून म्हणाली, "आई, मी शहरात जाऊन राहते ना. मला भीती वाटते."

"मी घरात असताना? अगं, अर्धं गाव या हातांनी बाहेर काढलंय. आणि माझं नातवंड परक्याच्या हातात देऊ होय?"

सुनेनं भरून ठेवलेली पिशवी पुन्हा खुंटीला अडकवली. सासूपुढे, त्यातही अशा सासूपुढे, बोलणार कोण?

कळा भरदुपारी सुरू झाल्या. सिस्टरांनी तिला वॉर्डाशेजारच्या जुन्या खोलीत नेलं. हात काहीएक विसरले नव्हते. पोर झाली, खणखणीत रडली. भिंतीपलीकडे म्हाताऱ्यांनी टाळ्या पिटल्या. एक आजोबा ओरडले, "मुलगा की मुलगी?" आणि लगेच जीभ चावली. सगळा वॉर्ड हसला. सिस्टरही हसल्या.

पण रक्त थांबेना.

त्यांनी सुनेचं पोट दाबून धरलं आणि आयाला पिटाळलं, "रक्त थांबायचं इंजेक्शन आण! फ्रिजमध्ये, वरच्या कप्प्यात!" सगळा जन्म ते तिथेच असायचं. आया धावत परत आली. "सिस्टर, वरखाली सगळं इन्सुलिनच आहे हो."

बाळंतपणंच नाहीत, तर ते इंजेक्शन मागवणार कोण? स्वतःच्या हातांच्या भरवशावर राहिलेल्या सिस्टरांना कप्पा उघडून बघायचं सुचलंच नव्हतं. दवाखान्याची गाडी एका आजींना घेऊन शहराकडे गेली होती, ती माघारी फिरेस्तोवर व्हायचं ते होऊन गेलं.

सून गार पडली तरी सिस्टरांनी तिच्या पोटावरचे हात काढले नाहीत. आयाच्या कुशीत बाळ रडत होतं. तेवढ्यात फोन वाजला. आयानं तो सिस्टरांच्या कानाला लावला.

"आई, ती कशी आहे?" मुलानं विचारलं. "आधी तिचं सांग."

"मुलगी झाली," सिस्टर म्हणाल्या.