मधला घेर

उल्कानं ओंडका दोन्ही हातांनी कवेत घेतला, गाल सालीला टेकवला आणि पलीकडून टेपचं टोक चाचपलं.

"अक्का, साडीला चीक लागंल," मल्लाप्पा म्हणाला. यशवंतपूरच्या त्या सॉ मिलचा तो मुकादम, मूळचा बेळगावकडचा. "मालक सांगतात तो आकडा लिवा की. समदे तेच लिवत्यात."

"म्हणून तर जिल्ह्यात लाकूड किती तुटलं, त्याचा आमच्या वनखात्याचा अंदाज दरवर्षी चुकतो." टोक हाती आलं. बरोबर मधोमध टेप ताणून तिनं घेर वाचला, लिहिला, आणि पुढच्या ओंडक्याला मिठी घातली.

मल्लाप्पा हसला. "घरचं लेकरू बघंल तर रुसंल की."

उल्का हसली नाही. तिला लागलंही नाही. तिनं टेप गुंडाळून पिशवीत टाकला.

मल्लेश्वरमच्या घरी सासूबाई दुपट्यांच्या घड्या बॅगेत रचत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्या उल्काच्या तान्ह्या शाल्मलीला नागपूरला आपल्या घरी नेणार होत्या. बाळंतपणापासून उल्का मुलीला पाजायची, न्हाऊ घालायची, पण कुणीतरी सोपवलेलं काम करावं तशी. घ्यायची तीही अंगापासून दूर, ताट धरावं तशी. "तू बरी होईपर्यंत राहू दे माझ्याकडे," सासूबाई म्हणाल्या होत्या. उल्का "चालेल" म्हणाली होती.

"स्वेटर विणायला घेते गाडीत," सासूबाई म्हणाल्या. "छाती केवढी आहे गं हिची? अंदाजानं सांग, पुरे."

उल्काला अंदाज नव्हता.

तिनं पिशवीतून टेप काढला. त्याला अजून भुशाचा वास होता. शाल्मली गादीवर जागीच होती. उल्का वाकली, सवयीनं दोन्ही हात तिच्याभोवती घातले, सवयीनंच गाल टेकवला. गाल जावळात रुतला. पाठीखालून टेपचं टोक हाती आलं.

तिनं ते ताणलं. टेप सैल झाला, मग आपोआप घट्ट झाला. पुन्हा सैल. ओंडक्याचं असं कधी होत नसे.

"किती?" सासूबाईंनी विचारलं.

उल्कानं गाल उचलला नाही. बॅगेची चेन ओढता ओढता सासूबाईंनी वर पाहिलं आणि त्यांचा हात तिथंच थांबला.

"एका जागी राहत नाही, आई," उल्का जावळातूनच म्हणाली. "पुन्हा घ्यावं लागेल."

टेप कधीच हातातून सुटला होता. हात मात्र तिनं काढले नाहीत.