आत्याचं स्टूल

कंपनीचा मेसेज आला तेव्हा माझ्या हातात कुणाच्या तरी आजोबांचा खालचा जबडा होता. मी कवळ्या बनवते. मेणात दात रोवायचं काम चाललं होतं, तेवढ्यात टेबलावरचा फोन उजळला. ‘आनंदाची बातमी! भंगारनौका आता आमची! आजपासून आपण सगळे एकच कुटुंब!’ खाली एक नाचणारं हृदय. मला घाण वाटली, मी फोन पालथा टाकला. ज्यांना माझं नाव माहीत नाही ते न विचारता माझे सोयरे झाले होते.

‘भंगारनौका’ हे आमचं चित्रकथांचं मासिक. एका लहानशा प्रकाशनाचं, ते आता या सिनेमा कंपनीनं विकत घेतलं होतं. अवकाशात मोडकी यानं गोळा करत फिरणारं एक घर त्यात आहे: बाप, त्याची जुळी पोरं आणि पोरांची आत्या. आत्या इंजिन सांभाळायची, स्वयंपाक करायची आणि दोन्हीकडे सारख्याच शिव्या घालायची. एका अंकात इंजिनाला आग लागली आणि आत्यानं आतून दार लावून घेतलं. पुढच्या अंकात घरचे जेवायला बसलेत आणि कोपऱ्यात आत्याचं तीन पायांचं स्टूल रिकामं. एका पायाला तार गुंडाळलेली. त्यानंतर प्रत्येक अंकात ते स्टूल कुठे ना कुठे असायचंच. चित्रकारानं त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही.

दादाच्या ते पहिल्यांदा लक्षात आलं. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. विजेची कामं करायचा, सुतारकामाच्या नावानं आनंदच, तरी त्यानं हुबेहूब तसं तीन पायांचं स्टूल ठोकलं, अगदी तारेसकट. आमचं चाहत्यांचं मंडळ दर महिन्याला बेकरीच्या मागच्या खोलीत जमायचं, नवा अंक वाचायला आणि त्यावरून भांडायला. दादा ते स्टूल खांद्यावर टाकून घेऊन यायचा आणि मध्ये ठेवायचा. खुर्च्या कमी पडल्या तर माणसं मैद्याच्या पोत्यांवर बसायची, पण स्टुलावर कुणी टेकायचं नाही. असा नियम कुणी केला नव्हता.

गेल्या वर्षी दादा गेला. तेव्हापासून स्टूल मी बेकरीतच ठेवलं. मंडळासाठी ते आत्याचं होतं, माझ्यासाठी दादाचं. त्याचे कपडे वहिनीनं वाटून टाकले, हत्यारं त्याच्या जोडीदारानं नेली. त्याची आठवण काढायला मला तेवढी एकच जागा उरली होती, आणि ती मला रिकामीच हवी होती.

मेसेज आल्यावर त्याच आठवड्यात मंडळ जमलं. असा संताप मी आयुष्यात पाहिला नाही. आमचे अध्यक्ष जन्मभर लोकांना गाडी चालवायला शिकवत आले, त्यामुळे ते रागावले की पाय आपोआप ब्रेक शोधतो. ते जमिनीवर पाय आपटत म्हणाले, “थू! यांची पायरी चढेन तर नाव बदलेन!”

“फुकट दाखवला तरी यांचा सिनेमा बघणार नाही मी,” बेकरीवाला म्हणाला.

“आम्ही कष्टानं वारूळ बांधायचं आणि यांनी येऊन वेटोळं घालायचं,” मी म्हणाले. “आयत्या बिळावर नागोबा!”

टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी लगेच तेच शीर्षक देऊन मंडळाच्या पानावर चार कडक ओळी टाकल्या. कुठकुठल्या अनोळखी चाहत्यांनी त्यावर मनसोक्त शिव्या घातल्या. मला फार बरं वाटलं. घाण वाटणारे आपण एकटे नाही, याचाही एक आधार असतो.

घरी जाताना वहिनीकडे डोकावले. ती स्वयंपाकघरात उलट्या डब्यावर बसून भाजी निवडत होती. गुडघ्यांमुळे तिला खाली बसता येत नाही, आणि ओट्यापाशी फार वेळ उभंही राहवत नाही. मी तिला सगळं सांगितलं, हातवारे करून. ती ऐकत देठ मोडत राहिली.

“चिमटे, चित्रातल्या बाईसाठी एवढं रक्त आटवतेस?” ती म्हणाली. चिमटी हे दादानं ठेवलेलं नाव, माझ्या हातात कायम चिमटा असतो म्हणून. “बरं, जेवून जा.”

पुढच्या महिन्यात मी बेकरीत शिरले तर अध्यक्षांच्या डोक्यावर टोपी. कंपनीची, करकरीत नवी, डिंकाचा वास मारणारी. शेजारी एक गृहस्थ उभा, तोंडभर हसत. त्याचे दात मी दारातूनच ओळखले. आमच्याकडे दातांच्या रंगांचा एक नमुनासंच असतो. त्यातला सगळ्यात टोकाचा पांढरा रंग देवानं आजवर कुणालाही दिलेला नाही. तो या माणसाच्या तोंडात होता. मी मनातल्या मनात त्याचं नाव ठेवलं गोडबोल्या.

“तुमचा राग आम्हाला पोचला,” तो म्हणाला. “आणि खरं सांगू? आम्हाला तो फार आवडला. एवढं प्रेम कोण करतं हो आजकाल?”

मग त्यानं सांगितलं. नव्या सिनेमात आत्या परत येणार होती. मेली नव्हतीच म्हणे ती. जाहिरातीसाठी त्यांना खऱ्या चाहत्यांची पहिली प्रतिक्रिया टिपायची होती, इथेच, बेकरीत. आम्ही नेहमीसारखं बसायचं, आत्याचं काम करणारी नटी दारातून अचानक आत येणार, आम्ही थक्क व्हायचं, आणि ती येऊन स्टुलावर बसणार.

“अचानक?” मी विचारलं. “तुम्ही तर आत्ताच सांगितलंत.”

“तालीम नको का?” गोडबोल्या म्हणाला.

मी अध्यक्षांकडे पाहिलं. ते टोपी सारखी करत होते. गेल्या महिन्यात थुंकलेलं यांनी किती सहज गिळलं!

“ताई, असं बघा,” ते घसा खाकरत म्हणाले. “आत्या परत येतेय. आपण इतकी वर्षं तिची जागा राखली, त्याचं चीजच झालं की.”

“मेलेलं माणूस परत येत नाही म्हणून जागा राखतात, अध्यक्ष. येणार असतं तर ते आपल्यासारखंच पोत्यावर बसलं असतं.”

“तुम्ही दादाचं मध्ये आणताय.”

“दादानं स्टूल मध्ये आणलं म्हणून तुम्ही इथे बसलाय!”

“दादानं ते मंडळाला दिलं,” बेकरीवाला हळूच म्हणाला. तो नव्या पाटीचा विचार करत असावा, दुकान सिनेमात दिसणार होतं. “आपण हात वर करून ठरवू.”

हात वर झाले. ज्या हातांनी टाळ्या वाजवल्या होत्या तेच. माझा तेवढा खाली राहिला. तळपायाची आग मस्तकात गेली, आणि त्याहून वाईट म्हणजे रडू आलं. या लोकांसमोर रडायचं नाही म्हणून मी पोत्यावरचं पीठ झटकत बसले.

चित्रीकरणाच्या दिवशी मी जाणार नव्हते. पण घरी बसले असते तर स्टुलाचं काय झालं ते इतरांच्या तोंडून कळलं असतं, म्हणून गेले. बेकरीवाल्यानं खोली घासूनपुसून लख्ख केली होती. कॅमेरावाल्याला ते पसंत पडेना, मग त्यांनी पिशवीतून पांढरी भुकटी काढून सगळीकडे भुरभुरली. बेकरीत बाहेरून पीठ! सगळ्यांना टोप्या वाटल्या. गोडबोल्यानं ओरडायची तालीम घेतली. “आणखी आनंद! डोळे मोठे! शाब्बास, अध्यक्ष!” आणि साठी उलटलेला तो माणूस तोंडाचा आ करून उड्या मारत होता. मला त्याच्याकडे बघवेना.

मग गोडबोल्यानं स्टूल हलवून पाहिलं. “हे डुगडुगतंय. आणि ही तार काढा, बाईंच्या कपड्यात अडकेल.”

त्याच्या एका माणसानं पक्कड घेतली आणि कटकट करून तार तोडली. दादानं गुंडाळलेली तार. तुकडे खाली पडले. पायाला एक चकचकीत स्क्रू मारला, आणि मंडळातला एकही माणूस काही बोलला नाही. याच लोकांनी एका अंकात तारेचा एक वेढा कमी दिसला म्हणून चित्रकाराला पत्रं पाठवली होती! मी तुकडे उचलून खिशात टाकले. बोटाला टोचलं, रक्त आलं, ते टोपीला पुसलं. टोपीचा तेवढाच उपयोग झाला.

“चला, तयार!”

कॅमेरा सुरू झाला. दार उघडलं. आत्याचा तेलकट पोशाख घातलेली एक बाई आत आली. बिचारी दिसायला साधी होती, थोडी घाबरलेलीही. सगळे ठरल्याप्रमाणे ओरडले. ती हसली, मधून चालत स्टुलापाशी आली, आणि वळून खाली बसणार इतक्यात मी उठले, पुढे झाले आणि स्टुलावर बसले.

स्टूल करकरलं. आरडाओरडा एकदम थांबला. मग कुणीतरी “शी!” म्हणालं. मी सगळ्यांचे चेहरे पाहिले. इतक्या वर्षांत त्यावर कुणी बसलं नव्हतं, आणि तालमीत न जमलेलं आता कसं छान जमलं होतं: डोळे मोठे, तोंडं उघडी. मात्र ती किळस होती, आणि ती सगळी माझ्यासाठी होती.

“ऊठ तिथून!” अध्यक्ष किंचाळले. त्यांनी मला पहिल्यांदाच एकेरीत हाक मारली होती. “लाज नाही वाटत? आत्याची जागा आहे ती!”

“आत्या ही काय, उभी आहे,” मी म्हणाले. “मग ही जागा कुणाची?”

नटी म्हणाली, “राहू दे, मी उभी राहते.” गोडबोल्या तेवढा खूश होता. “अप्रतिम!” तो कॅमेरावाल्याच्या कानात म्हणाला. “चालू ठेव, चालू ठेव.”

मी स्टूल उचललं, दादासारखं खांद्यावर टाकलं आणि निघाले. अडवलं कुणी नाही. विटाळलेली वस्तू परत कोण मागतं?

दुसऱ्या दिवशी जाहिरात आली. त्यात मंडळाचे ते किळसलेले चेहरे होते, वर लिहिलं होतं: ‘चाहते अवाक्!’ माझा तुकडा वेगळा टाकला होता. लाखोंनी तो पाहिला. देश-परदेशातले चाहते माझ्यावर तुटून पडले होते. आत्याची जागा बळकावणारी बाई! खाली सगळ्यात जास्त पसंती मिळालेली ओळ होती: ‘आयत्या बिळावर नागोबा.’ मंडळानं मला काढल्याचं तेवढं टोपीतला फोटो लावलेल्या अध्यक्षांनी स्वतः कळवलं.

स्टूल घेऊन मी वहिनीकडे गेले. ती ओट्यापाशी, त्याच उलट्या डब्यावर. मी तिला सगळं सांगितलं, या वेळी हातवारे न करता. “वहिनी, शेवटी मीच बसले त्यावर,” मी म्हणाले, आणि मग मला रडू आवरेना. “दादाच्या जागेवर बसले मी.”

वहिनीनं स्टुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“त्याची कसली जागा?” ती म्हणाली. “माझी ती. माझे गुडघे धरले म्हणून केलं होतं त्यानं. महिनाभर मी बसायचे आणि तुमच्या मंडळाच्या दिवशी तो ओल्या फडक्यानं पुसून न्यायचा. म्हणायचा, सांगू नकोस हं कुणाला, त्यांचा देव आहे तो.” ती हसली. “आणि तो घरी येईपर्यंत मी डब्यावर.”

“मग तू मागितलं का नाहीस? वर्ष झालं!”

“मला वाटलं, तुला हवंय.”

मी खिशातले तारेचे तुकडे काढले, पण ते फारच तोकडे होते. मग पर्समधून कामाची तार आणि चिमटा काढला. कवळीला आकडे करायची ती तार, पातळ आणि चिवट. स्क्रू काढून टाकला आणि पायाला वेढे दिले, दादानं दिले होते तसेच, थोडे वेडेवाकडे.

वहिनी डब्यावरून उठली, स्टुलावर बसली, दोनदा डुलून पाहिलं आणि भाजीचं ताट मांडीवर घेतलं. “डुगडुगतंय,” ती म्हणाली. “बरोबर झालंय. बस आता, उभी का?”

बसायला तेवढा डबाच होता. मी त्यावर बसले. त्याची पत्र्याची कड मांडीत रुतायला लागली.