इस्मतबाईंचा गव्हाळ रंग

निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका इस्मतबाईंचं चित्र उद्या माझ्या जुन्या शाळेत लागणार होतं आणि आज त्या ते बघायला आल्या होत्या. यासीन झाल्यानंतरचं माझं हे पहिलंच काम. हे फसलं तर पुन्हा कुणी विचारणार नाही, ही धास्ती तीन आठवडे मनात घर करून होती.

बाईंची अट एकच होती. "मला गव्हाळच काढ. माझ्या आधीच्या मुख्याध्यापिका भिंतीवर दुधात बुडवून काढल्यासारख्या दिसतात. माझे आजोबा दक्षिणेकडच्या अस्वानचे, सावळ्या माणसांच्या मुलखातले, हे मुलींना कळू दे."

अलेक्झांड्रियाचं खारं वारं बाळाला बाधेल म्हणून मी खोलीच्या हिरव्या झडपा लावूनच रंग कालवत होते. बाई एकदाच बसल्या होत्या, बाकी सगळं आठवणीतून. पिवळी माती, पांढरा, चिमूटभर लाल. त्या उजेडात गाल मेल्यासारखे वाटायचे, म्हणून मी रोज थोडा लाल वाढवत गेले.

सासूबाईंनी चित्र उचलून गच्चीत नेलं. उन्हात चित्रातल्या बाई लालभडक!

"अगं बाई, ही कोळंबी कुणी उकडली?" सासूबाई म्हणाल्या.

इस्मतबाई चित्राजवळ गेल्या. "चाळीस वर्षं पोरींवर ओरडले, पण इतकी लाल कधी झाले नव्हते गं."

माझे डोळे भरून आले. "बाई, झडपा बंद होत्या, त्या हिरव्या उजेडात कळलंच नाही..."

"बरं, रडू नंतर. रंगपाटी आण. मी इथेच बसते."

सासूबाईंनी यासीनला इतकं गुंडाळलं की नाकच काय ते दिसत होतं. तरी माझा एक डोळा त्या नाकावर, दुसरा बाईंच्या कपाळावर. गालांवरचा लाल खरवडला. उरलेला लालपणा मारायला रंगात हिरवी माती मिसळली. रंग कालवायच्या बोथट सुरीच्या टोकावर रंग घेऊन बाईंच्या गालाशी धरला. फिका. थोडी तपकिरी माती घातली, पुन्हा धरला.

"गुदगुल्या होतात गं."

"हलू नका, बाई!" मी चक्क ओरडले आणि जीभ चावली. वर्गात त्या मला हेच म्हणायच्या.

तिसऱ्या खेपेला सुरीवरचा रंग गालात मिसळून दिसेनासा झाला.

ऊन कलेपर्यंत चेहरा उभा राहिला. बाईंनी चष्मा लावला, काढला, परत लावला. "हं. ही मी."

"ओलं आहे, बाई. उद्या कुणी हात लावला तर?"

"लावू दे. जिच्या बोटाला रंग, ती उभी राहील बाकावर." त्या जिना उतरता उतरता थांबल्या. "माझ्या जागी नवीन बाई आल्यात, त्यांनाही तुझ्याकडेच पाठवते. गोऱ्यापान आहेत. जमेल ना?"

"जमेल," मी म्हटलं. "पण त्यांना उन्हात बसावं लागेल."